जॉर्डनचे 45, पिपेनचे 8

वाचकांचे प्रश्न, स्कोअररची उत्तरं

गेल्या अंकात या पानावर एका जुन्या बास्केटबॉल सामन्याचा तक्ता छापला होता. 14 जून 1998, सॉल्ट लेक सिटी, एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगच्या अंतिम मालिकेतला सहावा सामना: शिकागो बुल्स 87, युटा जॅझ 86. प्रत्येक खेळाडूची मिनिटं, गुण, रिबाउंड (चुकलेल्या शॉटनंतर मिळवलेले चेंडू), असिस्ट (ज्यावर बास्केट झालं ते पास), सगळं दिलं होतं. विवेचन मुद्दाम दिलं नव्हतं. तक्ता नीट वाचा आणि कुठे अडतं ते लिहून पाठवा, एवढंच म्हटलं होतं. सोलापुरातून आणि बार्शी-पंढरपूरकडूनही पत्रं आली. ज्यांनी आकडेमोड करून, खोडून, पुन्हा करून प्रश्न विचारले, त्यांची पत्रं आधी घेतली आहेत. माझं सगळं बास्केटबॉल मैदानाच्या कडेला, स्कोअरच्या टेबलावर गेलं. तेव्हा उत्तरं त्या खुर्चीवरूनच देतो.

तक्त्यात बुल्सच्या जॉर्डनपुढे 35 पैकी 15 असं लिहिलंय, म्हणजे 20 शॉट वाया गेले. युटाच्या मलोनचे 19 पैकी 11 पडले, शिवाय 31 गुण, 11 रिबाउंड, 7 असिस्ट. जॉर्डनचा रिबाउंड एक आणि असिस्टही एकच. मी गणित शिकवतो. कागदावर मलोन सरस दिसतो. मग नाव फक्त जॉर्डनचं का?
– एक शिक्षक, पंढरपूर

सर, तुमचं गणित बरोबर आहे, आणि ते आणखी पुढे नेता येतं. जॉर्डनचे 15 बास्केट सोडवून बघा: त्यात 3 थ्री, म्हणजे 9 गुण, उरलेले 12 दोन-दोनचे, म्हणजे 24, आणि 15 पैकी 12 फ्री थ्रो, म्हणजे फाउलबद्दल मिळणारे एकेका गुणाचे शॉट. एकूण 45. मलोनकडे थ्री नाहीच. 11 बास्केटचे 22 आणि 11 पैकी 9 फ्री थ्रो, एकूण 31. फ्री थ्रो धरून नेमबाजी मोजायची एक रीत आहे: शॉटमध्ये फ्री थ्रोच्या एकूण प्रयत्नांची 0.44 पट मिळवायची, त्याची दुप्पट करायची आणि तिने गुणांना भागायचं. जॉर्डन येतो 54 टक्क्यांवर, मलोन 65 वर. दर शॉटमागे कोण चांगला, तर मलोन. यात वाद घालण्यासारखं काही नाही.

पण तक्ता आडवा वाचून झाला की उभाही वाचावा. बुल्सच्या 87 मधून 45 वजा केले की बाकीच्यांकडे 42 उरतात. कुकोच 15, पिपेन 8, हार्पर 8, रॉडमन 7, वेनिंग्टन 2, बुश्लर 2. करा बेरीज, बरोबर 42 भरतात. म्हणजे स्टीव्ह कर शून्यावर. 1997 साली याच जॅझविरुद्ध, याच सहाव्या सामन्यात शेवटच्या क्षणी ज्याच्या शॉटनं बुल्सला आघाडी आणि विजेतेपद दिलं, तोच हा कर. पिपेनची पाठ धरलेली. 24 सेकंदांत कुणीतरी शॉट मारायचाच असतो. तो मारणारा दुसरा माणूस त्या दिवशी बुल्सकडे नव्हता. 35 हा आकडा हावरेपणाचा वाटतो, पण त्याच्या खालचे आकडे वाचले की तो ओझ्याचा वाटायला लागतो.

आता शेवटची 41.9 सेकंदं. 83-83 अशी बरोबरी असताना युटाच्या स्टॉकटननं थ्री टाकला. आपल्याकडे स्पर्धांना जी फिबाची (आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाची) स्कोअरशीट असते, तिच्यावर हे कसं उतरलं असतं ते सांगतो, म्हणजे मला काय म्हणायचंय ते कळेल. युटाच्या रकान्यात आधीच छापलेल्या 86 या आकड्यावर तिरपी रेघ, शेजारी स्टॉकटनचा 12 नंबर, आणि थ्री म्हणून त्या 12 भोवती गोल. घड्याळात 37.1 सेकंद असताना जॉर्डन रिंगपर्यंत घुसून बास्केट करतो: शिकागोच्या रकान्यात 85 वर रेघ, शेजारी 23. मग 5.2 सेकंद उरलेले असताना युटाच्या ब्रायन रसेलसमोरचा तो प्रसिद्ध शॉट: 87 वर रेघ, शेजारी पुन्हा 23. क्वार्टर, म्हणजे सामन्याचा पाव भाग, बदलला की शाई बदलते; हा चौथा, म्हणून निळी. शीट इथे संपते.

त्या दोन 23 च्या मध्ये जे घडलं, त्याला या शीटवर जागाच नाही. चेंडू मलोनकडे आला होता. रिंगच्या जवळ, पाठ रिंगकडे, अंगाला अंग लावून मागे रॉडमन. जॉर्डननं अडवायचा युटाचा माणूस हॉर्नासेक. तो पलीकडे निघून गेला, पण जॉर्डन त्याच्यामागे गेला नाही. रिंगमागच्या बेसलाइनकडून तो मलोनच्या न दिसणाऱ्या बाजूनं आला, खाली चेंडूवर हात मारला आणि चेंडू घेऊन निघाला. 18.9 सेकंद बाकी. बुल्सचा प्रशिक्षक फिल जॅक्सननं टाइमआउट मागितला नाही. जॉर्डन स्वतःच चेंडू पुढे घेऊन आला, आणि पुढचा शॉट सगळ्या जगाला पाठ आहे.

एनबीएच्या तक्त्यात याची नोंद आहे: जॉर्डन, स्टील (हिसकावलेले चेंडू) 4. त्या चारातलं एक हे. पहिल्या क्वार्टरला मारलेलं स्टील आणि हे स्टील, दोघांची किंमत तक्त्यात सारखीच, एक. मलोनच्या रांगेतही टर्नओव्हरच्या, म्हणजे गमावलेल्या चेंडूंच्या, रकान्यात एकानं वाढ, बस. तेव्हा सर, 45 मुळे जॉर्डनचं नाव घेतात असं मला वाटत नाही. माझ्या मते तो सामना त्या 4 मधल्या शेवटच्या एकानं जिंकला. आणि मलोनला कमी लेखू नका. 31, 11 आणि 7 ही अंतिम सामन्यातली रांग कुणाच्याही नावापुढे शोभावी अशीच आहे.

आमच्या कारखान्यात टॉवेल नगावर मोजतात. ज्याचे नग जास्त, त्याची मजुरी जास्त. तुमच्या तक्त्यात गुणांच्या आधी मिनिटं आहेत. पिपेन 26 मिनिटं, 8 गुण, आणि शेवटच्या रकान्यात +16. आठ गुणांच्या माणसाला सोळा कुठून आले?
– यंत्रमाग कारखान्यातले हिशेबनीस, अशोक चौक

हा प्रश्न वाचून फार बरं वाटलं, कारण शेवटचा रकाना इतरांनी बघितलाच नव्हता.

हे 16 पिपेननं केलेले गुण नव्हेत. तो मैदानात असताना संघाचं काय झालं, याचा तो हिशेब आहे. त्याच्या 26 मिनिटांत बुल्सनं जॅझपेक्षा 16 गुण जास्त केले. सामना 48 मिनिटांचा आणि बुल्स जिंकले एका गुणानं. म्हणजे तो बाकावर होता त्या 22 मिनिटांत बुल्स 15 गुणांनी मागे पडले. ही वजाबाकी कागदावर एकदा स्वतः करून बघा. 87-86 या स्कोअरमागे दोन वेगवेगळे सामने दडलेले आहेत, एक पिपेनसह आणि एक पिपेनशिवाय.

बुल्सचं सामन्यातलं पहिलंच बास्केट पिपेनचं होतं, डंक, म्हणजे उडी मारून रिंगमध्ये वरूनच कोंबलेला चेंडू. तो मारतानाच त्याची दुखरी पाठ पुन्हा धरली. त्यानंतर तो उपचारासाठी आत जायचा आणि पुन्हा बाहेर यायचा. पळताना वाकलेला दिसतो, वळताना सगळं अंग एकदम फिरवतो. तरी तो उभा असला की चेंडू योग्य माणसापर्यंत पोचायचा, आणि त्याच्यावर एक माणूस ठेवावाच लागायचा. तुमच्या कारखान्यातले माग चालू ठेवणाऱ्या जॉबरचे नग कोण मोजतं? पण तो दोन तास नसला तर किती माग बंद पडतात, ते तुमच्या वहीत दिसतंच.

एक सावधगिरी मात्र ठेवा. हा आकडा एका सामन्यापुरता फसवा असतो. बरोबर कोण खेळत होतं, समोरच्यांचे कोण बाकावर होते, यावर तो फार हलतो. एका सामन्यात +16 आला म्हणून कुणी थोर होत नाही. इथे तो मी ग्राह्य धरतो, कारण तो डोळ्यांना दिसतं त्याच्याशी जुळतो. आणखी एक: 1998 च्या छापील तक्त्यात हा रकाना नव्हताच. एनबीएनं 1996-97 पासून प्रत्येक खेळीची क्रमवार नोंद ठेवायला सुरुवात केली, म्हणून नंतर मागे जाऊन तो काढता आला. पिपेनच्या त्या 26 मिनिटांची खरी किंमत अशी उशिरा कागदावर आली.

दुसऱ्या क्वार्टरमध्ये युटाच्या आयस्लीचा थ्री 24 सेकंदांच्या आत सुटला होता, तरी पंचांनी बाद ठरवला. चौथ्यात हार्परचा शॉट वेळ संपल्यावर सुटला, तो धरला. मी रिप्ले थांबवून-थांबवून बघितलाय. मग खरा स्कोअर युटा 89, शिकागो 85 नाही का?
– अभियांत्रिकीचा विद्यार्थी, विजापूर रोड

रिप्लेबद्दल तुझं म्हणणं बरोबर आहे. दोन्ही निर्णय चुकले, आणि दोन्ही युटाच्या विरोधात गेले. एका गुणाच्या सामन्यात याचं दुःख होतं, युटाच्या माणसाला तर आयुष्यभर होणार.

पण 89-85 असा स्कोअर कधी अस्तित्वातच नव्हता. आयस्लीचे तीन गुण धरले असते, तर पुढची तीस-एक मिनिटं वेगळ्या स्कोअरवर खेळली गेली असती. मैदानावरचा प्रत्येक निर्णय फळ्यावरच्या आकड्याकडे बघून होतो. तीन गुणांनी मागे असताना 41.9 सेकंदांत जॉर्डन थ्रीच्या मागे न लागता पटकन दोन घ्यायला आत घुसला, कारण फळ्यावर 86-83 होतं. आठ गुणांनी मागे असता तर तो वेगळंच काहीतरी खेळला असता. झालेल्या सामन्यातून दोन घटना उचलून बाकीचं तसंच ठेवता येत नाही.

टेबलावर बसणाऱ्याचा नियम याहून साधा आहे. पंचाचा हात वर गेला आणि त्यानं बोटं दाखवली, की तेवढे गुण लिहायचे. हात आडवा फिरवून बास्केट बाद केलं, की पेन उचलायचं नाही. मला स्वतःला काय दिसलं, हा त्या क्षणी प्रश्नच नसतो. स्कोअररनं आपले डोळे कागदावर आणायला सुरुवात केली, की मैदानात एक सामना आणि टेबलावर दुसरा. सोलापुरात पालक टेबलाभोवती गोळा होतात, कुणी खांद्यावरून वाकून बोट दाखवतं, “अहो, तो थ्री होता!” मी मान वर करत नाही. चूक पंचांची असेल तर ती पंचांनी त्या क्षणी सुधारावी. तक्ता मागाहून न्याय देणारं कोर्ट नव्हे.

रिप्ले बघून निर्णय बदलायची सोय एनबीएत 2002-03 च्या हंगामापासून आली, आणि तीही सुरुवातीला क्वार्टर संपतानाच्या शॉटपुरती. 1998 मध्ये पंचांकडे फक्त शिट्टी आणि नजर. जाता जाता, शेवटच्या शॉटआधी जॉर्डनचा हात रसेलच्या कमरेला लागला, हा ढकलल्याचा फाउल का नाही, असं आणखी तिघांनी विचारलंय. उत्तर वरचंच: शिट्टी वाजली नाही, म्हणून फाउलचा रकाना रिकामा.

हल्ली 120-115 असे स्कोअर असतात. तेव्हा 87-86 इतका कमी का?
– वाचक, बार्शी

तेव्हा खेळ संथ होता, बचावात धक्काबुक्की जास्त चालायची, आणि मुख्य म्हणजे थ्री कमी मारायचे. 1997-98 मध्ये एक संघ सामन्यात सरासरी 13 च्या आसपास थ्री मारायचा, आता 35 हून जास्त. त्याच मालिकेतल्या तिसऱ्या सामन्यात युटाचे एकूण गुण फक्त 54 होते, बुल्सचे 96.

माझ्या मते सर्वोत्तम खेळाडू जिंकलेल्या संघातलाच असावा. हरणाऱ्याचे आकडे कितीही मोठे असले तरी काय उपयोग? मी जुन्या गिरणीच्या संघाकडून खेळलो आहे.
– ज्येष्ठ वाचक, सोलापूर

दादा, तुम्ही खेळलेले आहात, त्यामुळे आदर ठेवूनच वेगळं मत मांडतो. 1969 ची अंतिम मालिका घ्या. सातवा सामना, बोस्टन सेल्टिक्स 108, लॉस एंजेलिस लेकर्स 106. लेकर्सच्या जेरी वेस्टचे 42 गुण, 13 रिबाउंड, 12 असिस्ट. लेकर्स दोन गुणांनी हरले. अंतिम मालिकेतल्या सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार त्याच वर्षी सुरू झाला होता, आणि तो वेस्टला मिळाला. हरलेल्या संघातल्या खेळाडूला हा पुरस्कार मिळाला तो तेवढा एकदाच. आजवर पुन्हा नाही.

आणि वेस्टचे आकडे अपुरे आहेत. एनबीएनं स्टील आणि ब्लॉक मोजायला 1973-74 मध्ये सुरुवात केली. वेस्टचा तो शेवटचा हंगाम, वय पस्तिशीचं, दुखापतींमुळे खेळला फक्त 31 सामने. त्यात त्याची 81 स्टील नोंदली गेली, सामन्याला अडीचहून जास्त. पस्तिशीत हे, तर ऐन भरात तो किती चेंडू हिसकावत असेल? त्याचा एकही आकडा शिल्लक नाही. त्याच काळातल्या बिल रसेल आणि चेंबरलेन या उंच खेळाडूंनी हवेतच अडवलेले शॉटही असेच गेले. ते ज्यांनी बघितले त्यांच्या आठवणीत राहिले असतील, तेवढेच. तुमच्या गिरणीच्या संघाच्या सामन्यांचे तर साधे स्कोअरही कुठे जपलेले नसतील. मला ही हानी फार मोठी वाटते. तुम्हाला जे आठवतं, समोर कोण, कोणतं मैदान, कुणी किती केले, ते घरातल्या कुणाकडून तरी लिहून घ्या. अर्धवट असलं तरी चालेल, त्यासाठी आम्ही पान ठेवू.

काका, मी नववीत आहे आणि शाळेच्या संघात खेळते. सरांनी मला संघाचे आकडे ठेवायला सांगितलेत. स्कोअरशीटवर फक्त गुण आणि फाउल असतात. रिबाउंड, असिस्ट, स्टील एकटीनं कसं लिहायचं? लिहीपर्यंत खेळ पुढे जातो.
– विद्यार्थिनी, होटगी रोड

एकटीनं लिहूच नकोस. एकीनं बघायचं आणि बोलायचं, दुसरीनं लिहायचं. बघणारीनं कागदाकडे मान वळवायची नाही, लिहिणारीनं मैदानाकडे बघायचं नाही. बोलणं आखूड हवं, आधी नंबर आणि मग घटना: “सात, दोन, नाही.” “अकरा, रिबाउंड.” “चार, स्टील.” नावं घेत बसलीस तर मागे पडशील.

कागद आडवा धर. डावीकडे जर्सीचे नंबर, पुढे रकाने: दोनचे शॉट, थ्री, फ्री थ्रो, पुढचा रिबाउंड (आपल्याच संघाच्या चुकलेल्या शॉटचा), मागचा रिबाउंड (समोरच्यांच्या चुकलेल्या शॉटचा), असिस्ट, स्टील, टर्नओव्हर. बसलेला शॉट म्हणजे रेघेभोवती गोल, चुकलेला म्हणजे नुसती रेघ. चुकलेले शॉट लिहायचा कंटाळा करायचा नाही, सगळा हिशेब त्यावर उभा असतो. असिस्टसाठी एकच कसोटी धर: पास मिळाल्यावर खेळाडू थेट बास्केटकडे गेली का? पास घेऊन ती थांबली, दोघींना चुकवलं आणि मग शॉट मारला, तर ते श्रेय तिचं, पास देणारीचं नाही. यात दर वेळी वाद होईल, म्हणून स्पर्धेच्या आधी सरांबरोबर बसून ठरवून घ्या आणि मध्येच कसोटी बदलू नका. तुमच्या खेळाडूंसाठी सैल आणि समोरच्या संघासाठी कडक, असं तर अजिबात नको.

क्वार्टर संपला की दोन जुळण्या करायच्या. पहिली: दोनचे बास्केट गुणिले दोन, थ्री गुणिले तीन, अधिक फ्री थ्रो, ही बेरीज टेबलावरच्या अधिकृत स्कोअरशी जुळली पाहिजे. दुसरी जुळणी रिबाउंडची. दोन्ही संघांचे मिळून जितके शॉट चुकले, साधारण तितके रिबाउंड दोन्ही संघांत मिळून निघायला हवेत; चेंडू बाहेर गेला ते वेगळे मांड. फरक फार आला तर बघणारीचं लक्ष कुठेतरी उडालंय.

क्वार्टर बदलला की शाईही बदल. अधिकृत शीटवर पहिला आणि तिसरा लाल, दुसरा आणि चौथा निळा किंवा काळा लिहितात, तेच तुम्ही ठेवा. नंतर कुठल्या वेळी काय बिघडलं ते एका नजरेत सापडतं. उघड्या मैदानावर वाऱ्यानं कागद उडतात, तेव्हा पुठ्ठ्याला दोन्हीकडे चिमटे लाव, आणि उन्हात घामानं शाई फुटते म्हणून हाताखाली रुमाल ठेव. पेन्सिल वापरू नकोस. खोडायची सोय असली की कुणीतरी खोडायला सांगतं.

पहिल्या स्पर्धेचे तक्ते झाले की आमच्याकडे पाठव. मुलींची नावं नकोत, नंबर पुरेत. तपासून, काही सुचलं तर शेरे लिहून परत पाठवीन.